"मॅडम, तुम्ही उतरा, मी लावतो"

नव्या गाडीसोबत हेल्मेट फुकट मिळतं आणि किस्सेही. हेल्मेट एकदाच मिळतं. किस्से मात्र आमच्या ऑफिसातले लोक अजून पुरवतायत आणि माझ्या पोत्यात आता जागा उरलेली नाही.

मी धुळ्यात विम्याच्या एका ऑफिसात आहे. उंची बेताची, मोटारसायकल भारी. सीटवर बसले की चवडे तेवढे टेकतात. म्हणून भडगावला असलेल्या माझ्या वडिलांनी, आबांनी, आधीच अट घातली होती. "वैशू, गाडी एकदाव जरी पडनी ना, तर स्कूटर लेवानी. मुकाट."

म्हणजे मोटारसायकल विकून स्कूटर घ्यायची. ही नुसती धमकी नव्हे. लहानपणी मी सायकलवरून पडले, तर दुसऱ्या दिवशी ती सायकल आतेभावाच्या अंगणात उभी होती.

तेव्हा मीही तयारीनिशी होते. नाशिकला एका प्रशिक्षणात दिवसभर तिथली जुनी गाडी आडवी करून, एकटीनं पाठीच्या जोरावर उचलायला शिकले होते. इथे ते कोणी करू देईल तर शपथ!

* * *

पहिल्याच दिवशी लेगगार्ड बसवलं. गाडी आडवी झालीच, तर टाकीऐवजी त्या पाइपवर टेकावी. पाइपलाही ओरखडा नको म्हणून वर नायलॉनची दोरी घट्ट गुंडाळली.

आमचे मॅनेजर वाणी साहेब गाडीभोवती फिरले आणि हळहळले. "छान गाडी पिंजऱ्यात घातलीत, मॅडम. लूक गेला."

साहेबांच्या गाडीला डावा आरसा नाही, टाकीला पोचा आहे आणि इंडिकेटर चिकटपट्टीनं धरलेला आहे. लूकबद्दल त्यांच्याशी कोण वाद घालणार?

* * *

कॅशियर बडगुजर भाऊ अतिशय सज्जन माणूस. माझी गाडी गेटात शिरताना दिसली की धावत येतात. "मॅडम, तुम्ही उतरा, मी लावतो."

मी रोज नको म्हणायचे. एके दिवशी फोन वाजला आणि मी उतरले. भाऊ गाडी ढकलत निघाले, हँडल वळवलं आणि त्याच क्षणी पुढचा ब्रेक करकचून दाबला. गाडी सावकाश डावीकडे झोपली. लेगगार्डवर टेकली. ओरखडा नाही.

मी म्हटलं, "सरका, मी उचलते." तोवर सगळं ऑफिस धावून आलं होतं. मला खुर्ची आणून दिली, पाणी दिलं आणि पाच जणांनी मिळून गाडी उचलली.

भाऊ हात झटकत म्हणाले, "मॅडम, गाडी डावीकडे ओढतेय. सर्व्हिसिंगला टाका."

* * *

बडगुजर भाऊंची सासुरवाडी भडगाव. संध्याकाळी आबांचा फोन.

"गाडी पडनी म्हणे."

"आबा, मी नाही पाडली, ते आमचे..."

"कोन पाडी ते मी इचारं का?"

एकही ओरखडा नाही, असं मी सांगितल्यावर जरा नरमले. "आठे लई ये. मी दखस, मंग ठरावस."

पण मार्च एंडची कामं, गाडी भडगावला नेऊन दाखवायला सुट्टी नाही. तोवर गाडीला सांभाळायचं होतं.

* * *

एप्रिलमध्ये आमच्या पार्किंगचं डांबर पाघळतं. साईड स्टँड त्यात रुततं आणि गाडी हळूहळू कलते. म्हणून मी स्टँडखाली पत्र्याच्या डब्याचं झाकण ठेवायचे.

आमचा शिपाई सोनवणे टापटिपीचा. त्यानं कचरा समजून ते झाकण उचललं. दुपारी माझी गाडी कलली ती थेट शेजारच्या गाडीवर. माझ्या गाडीला खरचटलंसुद्धा नाही. शेजारची गाडी वाणी साहेबांची. तिचा उरलेला आरसाही गेला.

पुढच्या सोमवारी साहेबांनी गाडीला लेगगार्ड बसवून आणलं. दोरीसुद्धा गुंडाळलेली. "जरा लूक येतो," म्हणाले.

* * *

सोनवणेला फार वाईट वाटलं. त्यानं घरून बैलाचं दावं आणलं आणि मला न सांगता माझी गाडी मागून लिंबाच्या झाडाला बांधली.

पाचला बडगुजर भाऊ धावले. "थांबा मॅडम, मी काढून देतो." हँडल धरून त्यांनी सगळा जोर लावला. दावं ताणलं, भाऊंचा पाय सटकला. गाडी जागच्या जागी उभी, भाऊ आडवे.

पडल्या पडल्याच म्हणाले, "म्हणून सांगत होतो, ही लेडीजची गाडी नाही."

* * *

शेवटी मे महिन्यात सुट्टी मिळाली. वाटेत पारोळ्याला चहाला थांबले. गाडी व्यवस्थित डबल स्टँडवर लावली. एक अनोळखी बाबा उठले आणि माझा चहा संपेपर्यंत हँडल धरून उभे राहिले.

"कशाला त्रास घेता, बाबा?"

"पडी जाई ना, माय."

मी दुसरा चहा घ्यायचा बेत सोडला.

* * *

भडगावला पोचले तेव्हा दुपार होती. गल्लीत चिटपाखरू नाही. आबांनी चष्मा लावला, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून लेगगार्डची दोरी चाचपली. मी परीक्षेला बसल्यासारखी उभी.

"उन्हात कशी ठेवी?" म्हणत त्यांनी हँडल धरलं आणि गाडी सावलीत ढकलू लागले.

"आबा, राहू द्या..."

हँडल वळलं. ब्रेक दाबला गेला. गाडी उजवीकडे आडवी झाली. आबा वेळेवर बाजूला झाले म्हणून बरं.

आबा गाडीकडे बघत राहिले. मग मदतीला हाका मारायला गल्लीकडे वळले. कोणीच नव्हतं. गाडी घेतल्यापासून पहिल्यांदाच मला अडवायला कोणीच नव्हतं.

मी साईड स्टँड बाहेर ओढलं. गाडीकडे पाठ करून सीटला टेकून बसले. एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला. पाय रोवले आणि एक एक पाऊल मागे सरकत गेले. गाडी उठली आणि स्टँडवर उभी राहिली.

आबांनी ओरखडा बघितला नाही. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. मग ओट्यावर चढून समोरच्या बंद दाराकडे मोठ्यानं हाक मारली.

"ओ नाना, उठा. बाहेर या. बठ्ठासले लई या."

सगळ्यांना बोलावणं गेलं तसं एकेक दार उघडू लागलं. आबा खाली उतरून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "हं. आते परत पाड."