बांधीतली वांगी

"मावशी, हे वांगं या बाजाराचं का मागच्या?"

सातवीतली हर्षा ताट पुढं करून विचारायची आणि मागची रांग खिदळायची. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या शकुनबाई डाव उगारायच्या. शाळेची भाजी मोहाडीच्या आठवडी बाजारातून यायची. दोन दिवसांत ती मान टाकायची आणि मग पुढच्या बाजारापर्यंत बटाटा, नुसता बटाटा. एक दिवस ताटांत उरलेली काळी वांगी बादलीत ओतताना शकुनबाईंनी ठरवून टाकलं. भाजी इथंच लावायची, शाळेत.

अडचण एवढीच की त्यांनी आयुष्यात एक रोप लावलं नव्हतं. माहेर मोहाडीचं, विणकराचं. बोटं चालायला लागली तशा त्या हातमागाच्या कांड्या भरायला बसल्या. लग्न होऊन या गावात आल्या, तर नवऱ्याचं, नंदलालचं, किराणा दुकान. मग शाळेत स्वयंपाकाला लागल्या. मातीशी गाठ पडायची ती चूल सारवताना.

शाळा समितीचे अध्यक्ष श्यामराव ऐकून हसले. शकुनबाईंना हवी होती ती स्वयंपाकखोलीमागची जागा, तीन बाजूंनी भिंत असलेली. पुढचं मैदान उघडं, तिथं ढोरं शिरतात. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत गावातले धान, म्हणजे भात, वाळायचे ते मागेच, आणि त्यात मोठी रास श्यामरावांची.

"काहून वो शकुनबाई, शेती करून राहिल्या काय आता?"

"शेती नाई काकाजी. भाजी."

"कोणाच्या भरवशावर?"

"पोट्ट्यायच्या. सारे शेतकऱ्याचे लेकरं हायेत."

"बरं. दिवाळीपर्यंत भाजी उभी दिसली तं जागा तुमची. नाई तं माहे धान वाळतीन तेथं."

पोरांना सांगायची गरजच पडली नाही. हर्षानं फ्रॉक खोचला आणि हुकूम सोडायला सुरुवात केली. कुदळी आल्या, घमेली आली. जागेभोवती मातीचे बांध, धुरे, घातले गेले, ढेकळं फुटली, मधली जमीन घरच्या धानाच्या बांधीसारखी, पाणी कोंडायच्या खाचरासारखी, सपाट झाली. पोळा होऊन गेल्यावर वांग्याची रोपं आली आणि पोरांनी धानाच्या रोवणीसारख्या ओळी धरून, वाकून, गाणी म्हणत ती लावली. मग बोअरिंगचा पाईप सोडला.

"मावशी, बांधी भरली!"

धुऱ्याच्या आत घोटाभर तळं. शकुनबाईंनी टाळ्या वाजवल्या. शेतकऱ्याची लेकरं, त्यांना कळतंच की!

काही दिवसांत पानं पिवळी पडली. हर्षानं आणखी पाणी सोडलं. पानं गळली. एक रोप उपटलं तर मूळ काळं, वास मारणारं.

श्यामराव भिंतीवरून डोकावले. "आता धानच रोवा बाप्पा. बांधी मस्त झाली."

हर्षा रडायलाच लागली. "आमच्या घरी असंच करतेत मावशी. मी काई चुकीचं नाई केलं."

"रडू नको. रडून मूळ पांढरं होते काय?" शकुनबाई चिखलात उतरल्या, एकेक रोप उपटून बाहेर फेकत गेल्या. दुसऱ्या टोकाला पोचल्या आणि थांबल्या. लावणीतून उरलेली चार-पाच रोपं कुणीतरी टाकून द्यायची नाहीत म्हणून धुऱ्यावरच खुपसली होती. ती हिरवीगार उभी होती.

"हर्षा, इकडे ये. हे कोणं लावले?"

"लहान्यायनं. खेळता खेळता."

शकुनबाई धुऱ्यावर बसल्या. एकदा चिखलाकडं, एकदा त्या वांग्यांकडं पाहिलं. "याइच्या मुळाशी पाणी नाई साचलं, म्हणून जगले. फोडा हे तळं. साऱ्या जागेचे धुरेच करा."

पुन्हा कुदळी. उंच वरंबे, मधून पाण्याला वाट. त्यावर लाल माठाची लालभाजी, मुळा आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. या खेपेला गाणी नव्हती. शकुनबाई दुपारी भांडी घासून तिथंच उभ्या राहायच्या, आणि पाईपला हात लावायच्या आधी हर्षा मातीत बोट खुपसून पाहायची.

दिवाळीची सुट्टी लागली. पोरं पाळ्या लावून राखणीला बसली. तेवढ्यात श्यामरावांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट मागच्या फाटकाशी आला. धान ओले होते. शकुनबाई फाटकात उभ्या.

"सरका वो बाई."

"भाजी उभी हाय, पाहून घ्या काकाजी."

लालभाजी वीतभर झाली होती. धुऱ्यावरच्या वांग्यांना जांभळी फुलं होती. श्यामराव पाहत राहिले, मग चिडले. "दिसली. पण माहे ओले धान काय डोक्यावर वाळवू? दोन वाफे काढा मधातले."

"एक नाई निघणार."

"पुढं टाकले तं ढोरं खातीन!"

"खातीन, जर राखण नसंल तं." शकुनबाईंनी मागं पाहिलं. वरंब्याशी हर्षा काठी घेऊन बसली होती. "हे पोट्टे दिवसभर इथंच राहतेत. अर्धे पुढं बसतीन. तुमचे धान बी राखतीन, माही भाजी बी."

"पोट्ट्यायच्या भरवशावर माहे धान?"

हर्षा उठून उभी राहिली. "बाबाजी, आमच्या घरचे धान मीच राखतो दरसाल. एक चिमणी नाई बसू देत."

श्यामरावांनी डोकं खाजवलं. फाटकातली बाई तसूभर हलत नव्हती. शेवटी त्यांनी ड्रायव्हरला हात केला. "घे रे मागं. पुढच्या मैदानात."

ट्रॅक्टर वळला. शकुनबाई म्हणाल्या, "हर्षा, चार जणं घेऊन जा पुढं. आणि ताडपत्री नीट अंथरून घ्या म्हण बाबाजीइले, खडे जातीन धानात."