विंडसरच्या सुनंदाचं अठरावं शतक

एप्रिलातली सकाळ होती. बर्फासाठी लावलेले विंटर टायर काढून घ्यायला मी गॅरेजमध्ये बसले होते आणि प्रज्ञाचा फोन आला. प्रज्ञा ही माझी मैत्रीण सुनंदा हिची मुलगी. ती टोरांटोत नोकरी करते आणि एरवी मेसेज टाकते, फोन करत नाही. "मावशी, आई इज गॉन," एवढंच म्हणाली. सुनंदाला हृदयाचा त्रास होता हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण औषधं चालू होती, आदल्या रविवारी तर ती माझ्याकडे पोहे खाऊन, मीठ कमी पडलंय असं सांगून गेली होती. झोपेतच गेली. माझी गाडी वर लिफ्टवर चढवलेली, त्यामुळे उठून कुठे जाताही येईना. समोरच्या टीव्हीवर हवामानाच्या बातम्या चालल्या होत्या, त्या मी पाहत राहिले...

सुनंदा नागपूरची, मी पुण्याची. कॅनडातल्या विंडसरमध्ये आम्ही दोघी मोटारींच्या सीट बनवणाऱ्या एकाच कंपनीत होतो. मी सॉफ्टवेअरमध्ये, ती सीटकव्हरच्या डिझाइनमध्ये. सपाट कापड गोल फोमवर सुरकुती न पडता कसं बसवायचं, हे तिचं काम. बरीच वर्षं आम्ही एकाच गाडीने ऑफिसला गेलो, त्यामुळे तिच्याबद्दल मला जे कळलं ते बहुतेक सिग्नलला थांबल्या थांबल्या कळलं. तिला हसायला वेळ लागायचा, पण हसली की गाडी चालवणं अवघड व्हायचं.

अठराव्या शतकातले युरोपी कपडे तिच्या आयुष्यात आले ते प्रज्ञाच्या शाळेच्या सहलीमुळे. आमच्या नदीच्या काठी त्या शतकात फ्रेंच शेतकरी येऊन राहिले होते. त्यांच्यापैकी एकाचं घर जपून तिथे छोटं म्युझियम केलं आहे, आणि उन्हाळ्यात स्वयंसेवक त्या काळचे कपडे घालून चूल पेटवतात, पाव भाजतात. सुनंदा मदतनीस पालक म्हणून गेली होती. चुलीत लाकूड सारणाऱ्या बाईंची बाही दर वेळी काखेत ओढली जाते, हे तिने पाहिलं. त्या बाई म्हणजे कॅरल, म्युझियमचं सगळं त्याच बघायच्या. "त्या काळच्या बायका दिवसभर राबत होत्या, त्यांची बाही अशी ओढून चालेल का?" असं सुनंदाने त्यांना विचारलं. कॅरलनी तिला जुन्या कपड्यांच्या कापणीची चित्रं दिली. पुढच्या सोमवारी गाडीत ती मला सांगत होती, "अगं मेघना, बाही कोपरात वाकवूनच कापत होते ते. आणि आतला सदरा पाह्यला का? नुसते चौकोन अन् त्रिकोण! कापडाची चिंधी वाया जात नाही."

मग तिच्या बेसमेंटमध्ये शिवणकाम सुरू झालं. मशीन नाही, सगळं हाताने. बायकांचे घेरदार परकर, खांद्यावरचे रुमाल, पुरुषांच्या गुडघ्यापर्यंतच्या तुमानी. आत ताठ काड्या घातलेली एक चोळी असायची, ती तिने स्वतःच्या मापाची करून घरात घालून पाहिली आणि म्हणाली, "पाच दिवस लॅपटॉपपुढे वाकलेली असते, एक दिवस तरी सरळ बसते." दोन-तीन वर्षांत म्युझियममधल्या बहुतेक स्वयंसेवकांच्या अंगावर सुनंदाने शिवलेले कपडे दिसू लागले.

एका उन्हाळ्यात तिने स्वतःसाठीही जोड शिवला. म्युझियमच्या उन्हाळी उत्सवाच्या दिवशी मी तिच्याबरोबर होते. कॅरलनी तिला बाजूला घेतलं. त्या अवघडल्या होत्या, हे मान्य करायला हवं. पाहुण्यांना खरा काळ पाहायचा असतो, समोर तू दिसलीस तर त्यांचा गोंधळ होईल, तू मागच्या तंबूत शिवण घेऊन बसशील का... असं काहीतरी. सुनंदा "ओके" म्हणाली आणि दिवसभर तंबूत काजं करत बसली. तिने शिवलेले कपडे घातलेली माणसं समोर फोटो काढून घेत होती.

परतताना गाडी तीच चालवत होती. रस्त्याकडे बघतच म्हणाली, "माझ्या आजीला घोट्यापर्यंत लुगडं नेसायची मुभा नव्हती. आमच्या बायकांनी वरच नेसायचं, असं गावाने ठरवलेलं. एक दिवस तिने नेसलं खाली. तशीच विहिरीवरून चालत आली."

"मग?"

"मग काय? लोक बोलले. दगड पण मारले. दुसऱ्या दिवशी परत तसंच नेसली."

"आता तू काय करणार? सोडणार हे?"

"काहून सोडू? कापड मी कापलं, शिवलं मी."

त्या हिवाळ्यात ती नागपूरला गेली आणि येताना मछलीपट्टणमचं छापील सुती कापड घेऊन आली, तांबड्या वेलींचं. अठराव्या शतकात हेच कापड जहाजांतून युरोपात जायचं आणि तिथल्या बायका त्यावर जीव टाकायच्या. फ्रान्समध्ये तर स्थानिक विणकरांचा धंदा बसेल म्हणून त्यावर कितीतरी वर्षं बंदी होती, तरी बायका घालतच होत्या. सुनंदाने त्याचं मागे चुण्या असलेलं आखूड जाकीट शिवलं आणि पुढच्या उत्सवाला घरूनच ते घालून आली. सरळ पुढच्या खोलीत जाऊन उभी राहिली. कॅरल काही बोलणार तेवढ्यात एका पाहुण्याने विचारलंच, की तुझ्यासारखे लोक होते का त्या काळी इथे?

"मी नव्हते," सुनंदा इंग्रजीत म्हणाली, "माझं कापड मात्र तेव्हाच निघालं होतं." आणि तिने त्याला जहाजं, बंदी, चोरून शिवलेले झगे, सगळं सांगितलं. लोक जमत गेले. कॅरल दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी माफी वगैरे मागितली नाही. पण संध्याकाळी सगळे निघाल्यावर म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुला इथे खिडकीजवळ टेबल ठेवते. उजेड चांगला आहे." तेव्हापासून ती खोली सुनंदाची झाली.

अंत्यविधीला कॅरल पांढरा कोट घालून आल्या. पांढरं घालतात हे त्यांनी कुणाला तरी विचारून घेतलं असावं. पंचशील चाललं होतं तेव्हा त्या माझ्याशेजारी हात जोडून उभ्या होत्या.

सुनंदाचा नवरा मिलिंद याने या सगळ्यात कधी भाग घेतला नव्हता. "मी वरातीतला बँडवाला दिसेन," म्हणायचा. रिटायर झाल्यावर यंदाच्या हिवाळ्यात तो एकदाचा कबूल झाला, आणि तिने त्याच्यासाठी मांडीपर्यंत येणारा तपकिरी वेस्टकोट शिवायला घेतला. ती गेल्यानंतर प्रज्ञा आणि मी बेसमेंटमध्ये गेलो, तेव्हा तो पुतळ्यावर चढवलेला होता. बटणं सगळी शिवलेली, वरची काजंही झालेली. खालची नुसती खडूने आखलेली होती. मी म्हटलं, मी पुरी करते. मिलिंद म्हणाला, "राहू दे. हात वेगळा कळेल."

मे महिन्यात म्युझियम उघडलं, त्या दिवशी तो वेस्टकोट घालून आला. खालचा भाग उघडा राहिलेला, म्हणून तो हाताने सारखा ओढून धरत होता. "इट्स नॉट फिनिश्ड," त्याने कॅरलना सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या काळचे पुरुष खालची बटणं मुद्दाम उघडीच ठेवायचे, फॅशनच होती तशी. त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि हात सोडला.

आता तो दर रविवारी जातो. खिडकीजवळच्या टेबलाशी उभा राहतो. इतिहास त्याला फारसा येत नाही, त्यामुळे कुणी काही विचारलं की वेस्टकोटचा कोपरा उलटून आतली शिवण दाखवतो. "माय वाइफ डिड धिस. बाय हँड," म्हणतो, आणि लोक बोट लावून बघेपर्यंत तो कोपरा तसाच धरून ठेवतो.