काझीची हद्द

सन २०१९. माझं वय तेव्हा बहात्तर. मुलानं टेम्पो आणला, पलंग, कपाट, बायकोच्या वापरातली शिलाई मशीन चढवली आणि घराला कुलूप घातलं. बायको त्याच्या आदल्या वर्षीच गेली होती. आमचं गाव चिंचणीच्या पुढे, खाडीकाठी. शेजारचा वाडीवाला रघू टेम्पोची फळी धरून उभा.

"काझी, तू चाललास बोईसरला. आता आमच्या गावचा काझी कोण?"

"मीच. घर बदलतोय, काझीपण नाय."

"बघ हां. तिकडं तुला काझी कोण म्हणणार? वॉचमन अंकल म्हणेल."

तो हसला. मला हसू आलं नाही.

गावात राहिलेल्यांना हे ठाऊकच आहे, पण माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांच्या मुलांना नसेल, म्हणून लिहितो. खाडीपासून वरच्या टेकाडापर्यंतची गावं आमच्या घराण्याकडे. तिथला निकाह आम्ही पढवायचा, नाहीतर आम्ही सांगू त्यानं. मी चौथीत शाळा सोडली, पण निकाहाच्या वेळी म्हणायचा अरबी खुतबा अब्बांनी माझ्याकडून असा घोटून घेतला की आजही अडखळत नाही. अब्बा म्हणायचे, "दुसऱ्याच्या हद्दीत पढवायचं नाय. पोटची पोर असली तरी नाय."

बोईसरला तिसरा मजला, लिफ्ट, खिडकीतून कारखान्यांचा वास. रघूचं खरं झालं, मी अंकल झालो. गावात निकाह असला की शेरवानी पिशवीत घालून एसटी धरायची, संध्याकाळी परत अंकल.

यंदा नातीचं, रुकैयाचं लग्न ठरलं. हॉल बोईसरचा. मी म्हटलं, लग्न गावात करा. मुलगा म्हणाला, "अब्बा, अर्ध्या घरांना कुलपं हायत. पाहुणे उतरवू कुठं? इथल्या इमामसाहेबांना एक शब्द टाका, ते तुमाला पढवू देतील."

"मागून घेतलेला निकाह मी पढवत नाय. आणि तूही माझ्या वतीनं मागायचा नाय."

रुकैया मला बाबा म्हणते. रात्रीचं ताट घेऊन आली. "बाबा, सगळ्या गावाच्या पोरींचे निकाह तुमी पढवलेत. माझाच तेवढा नाय?"

मी जेवलो. ताट स्वतःच धुवून ठेवलं.

इमाम बिहारकडचा, तरुण, गोड गळ्याचा. त्यानं पढवला. मी नवऱ्यामुलाच्या मागे पाहुण्यासारखा बसलो आणि ओठ न हलवता मनात सगळा खुतबा म्हटला. खजूर वाटताना कुणीतरी त्याला मी कोण ते सांगितलं. तो धावत आला, माझे हात धरले.

"चाचा, बोले क्यों नहीं? मैं तो खुशी से हट जाता."

"हद्द आपकी है."

"और आपकी?"

"उधर. खाडी के पास."

"पर रहते तो यहीं हैं ना?"

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पोरगा सरळ होता. पण मला समोरचं खजुरांचं ताट दिसेना. ज्या नियमासाठी मी नातीचा शब्द मोडला, तो नियम माझ्यावर कोण लावणार होतं? खाडीकडच्या गावांत मी आता बाहेरून येऊन पढवणारा. मी तेव्हा वाकलो नाही, याचा पस्तावा आजही नाही. पण सासरी जाताना रुकैयानं सलाम केला आणि माझ्याकडे पाहिलं नाही, ते छातीत रुतून बसलंय.

घर म्हणजे जिथं आपला शब्द चालतो, असं मी समजायचो. बोईसरला चालत नाही. गावात चालतो, पण तिथं मी राहत नाही. मग घर कुठलं, ते तुम्हीच सांगा.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं गावात गेलो. मशिदीत याकूब होता. रिक्षा चालवतो, अजान देतो, बायकापोरांसह गावातच राहतो. जमातीची चार माणसं बोलावली आणि त्यांच्यासमोर काझीचा शिक्का त्याच्या हातात ठेवला.

तो घाबरला. "काझीसाब, मला खुतबा येत नाय."

"शिकवीन."

"मग रोज याल?"

"येईन," मी म्हटलं. "तू बोलावलंस तर."