लढाईच्या दिवसांतल्या कुरडया

मे महिन्यातली सकाळ, नाशिक, आमच्या सोसायटीचा जिना... आणि आम्ही तिघी बायका सुतकी चेहरे करून वर चाललेल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या सुमनकाकूंना धीर द्यायला!

काकू मूळच्या चांदवडकडच्या. मुलगा संदीप फौजेत, सीमेवर; घरी त्या एकट्याच. लढाईला तोंड फुटलं आणि सुट्टी रद्द झाल्याचा त्याचा फोन आला... त्यानंतर चार दिवस मोबाईल बंद. इकडे मी ग्रुपवर इतके व्हिडिओ फॉरवर्ड केले होते की सेनापतीलाही माझ्याएवढी माहिती नसेल.

काकूंनी दार उघडलं. हात कोपरापर्यंत पांढरे.

"बरं झालं आल्या. गव्हाचा चीक तयार हाय, आज कुरडया नाय घातल्या तर वाया जाईल. हात धुवा आन् चला."

सांत्वनाची वाक्यं बाजूला ठेवून आम्ही हात धुतले. थोड्याच वेळात एकजण गॅसवर चीक हाटतेय, दुसरी गच्चीत जुन्या साड्या अंथरतेय आणि मी घामाघूम होऊन सोऱ्या फिरवतेय... असं आमचं सांत्वन सुरू झालं.

काकूंचा फोन गच्चीच्या कठड्यावर ठेवलेला. हात कुरडयांत, पण नजर सगळ्यांची तिकडे. शेवटी मला राहवेना. विचारलंच, भीती नाही वाटत काकू?

"वाटती ना. लय वाटती. रात्री उठून बसते मी. पण मी हातपाय गाळले म्हणून तिकडची एक गोळी तरी थांबणार हाय का? आन् सुट्टी पुढं गेलीये त्याची. येईल तवा कुरडया नको का?"

ऊन चढलं आणि फोन वाजला... संदीपच! काकूंचे हात चिकाने माखलेले, म्हणून मीच स्पीकर लावला. "आई, मी बरा आहे. काय करतेय?" काकू म्हणाल्या, "कुरडया." पलीकडे तो असा काही खळखळून हसला! "जेवला का?" एवढंच काकूंनी विचारलं. तो हो म्हणाला आणि लाईन गेली.

मग मात्र काकू तिथेच गच्चीवर बसल्या आणि ढसाढसा रडल्या. आम्हीही रडून घेतलं. जरा वेळाने पदराने नाक पुसत त्याच ओरडल्या, "अगं, चीक गार व्हायला लागला! दाबा की!"

निघताना मी म्हटलं, बरं झालं काकू, हे सगळं सुरू व्हायच्या आधीच तुम्ही गहू भिजवला होता. तेवढाच जिवाला विरंगुळा.

"आधी कुठं? सुट्टी रद्द झाल्याचा फोन ठेवला ना, त्याच संध्याकाळी घातला भिजत."

मी जिन्यातच थांबले. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजवावा लागतो. तीन दिवसांनी ऊन पडेल, आपण असू, खाणारा घरी येईल... एवढा भरवसा पोटात असल्याशिवाय कोणी गहू भिजत घालत नाही.

तो फोन ठेवल्यावर, त्या रिकाम्या घरात, काकूंनी एकटीने तो घातला. काकू, तुमच्या त्या संध्याकाळला माझा मनापासून नमस्कार.