दादाने वाजवलं

स्पीकर दुरुस्त करणाऱ्या काकांची एकच इच्छा उरली होती. त्या गाजलेल्या जुन्या रॉक अल्बममधलं शेवटचं गाणं, त्यातला गिटारचा लांब तुकडा आपल्या थोरल्या भावाने वाजवला, हे कोणीतरी जगाला सांगावं. बँडचा म्होरक्या त्या दिवशी तापाने फणफणला होता. स्टुडिओत वायरी ओढणारा भाऊ हाताशी होता, त्याच्या हाती गिटार दिली. रेकॉर्डच्या पाकिटावर नाव म्होरक्याचंच छापलं. भाऊ पुढे तसाच, बिननावाचा गेला.

म्हणून त्या अल्बमवर मालिका करणारा पॉडकास्टवाला तरुण माईक घेऊन आला, तेव्हा काकांनी दुकान बंद ठेवलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि दुपारभर बोलले.

मालिका सुरू झाली. काका-काकू फोन डब्याला टेकवून स्वयंपाकघरात ऐकत. निवेदक तोच तरुण; स्वतःच्याच विनोदांवर हसायचा, मधूनच गाद्यांची जाहिरात करायचा.

"हा गाणं लावणार आहे की नुसत्या गाद्याच विकणार?" काकू म्हणाल्या.

"शेवटी येईल गं."

शेवटच्या भागात आलं. "तो तुकडा कोणी वाजवला, यावर वाद होता," निवेदक म्हणाला. "आता तेव्हा स्टुडिओत समोर बसलेल्या माणसाकडूनच ऐका."

मग काकांचा भरून आलेला आवाज. "दादाने वाजवला. मी होतो ना तिथे! दादासारखं कोणी वाजवणार नाही."

"मिटला वाद. दादा तो दादाच!" निवेदकाने समारोप केला.

त्या म्होरक्याला सगळे चाहते दादाच म्हणत.

काकूंनी गॅस बंद केला. "अहो, 'माझा भाऊ' असं एकदा तरी म्हणालात का?"

"दादा म्हटल्यावर भाऊच ना!"

"आणि नाव?"

"थोरल्याला नावाने कधी हाक मारली मी?"

काकूंनीच फोन लावला. पलीकडून तो तरुण गोड आवाजात म्हणाला, "काकू, मालिका संपली हो. आणि शब्द काकांचेच आहेत. लोकांना तर तोच भाग सगळ्यात आवडलाय."

दुसऱ्या दिवशी बंद पडलेला स्पीकर घेऊन एक गिऱ्हाईक आलं. आवाज ओळखून ते उजळलंच. "काका, दादांबद्दल बोललात ते तुम्हीच ना?"

काकांनी सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं. भावाचं नाव ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं.

"दादा... माझा दादा होता तो."

"आमचाही!" गिऱ्हाईक म्हणालं.