भाऊंची हवेतली मांडी

आमच्या साडूंइतका जमिनीला धरून असलेला माणूस साऱ्या राजस्थानात शोधून सापडायचा नाही, आणि व्हिडिओ गेमच्या जाहिरातीसाठी विमानात तरंगायला एका कंपनीने निवडलं ते नेमकं त्यांना. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे अकोल्याकडचे, रेल्वेत गार्ड होते, बदलीवर जयपूरला आले आणि निवृत्तीनंतर इथेच रमले. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. भाऊंचं आयुष्य मांडी घालण्यात गेलं. गाडी धावत असतानाही ते गार्डाच्या डब्यात आपल्या लोखंडी पेटीवर मांडी ठोकून बसत. घरात सोफा नाही. एकदा मी बँकेतल्या माझ्या सुटाबुटातल्या साहेबांना त्यांच्याकडे जेवायला नेलं, तर त्यांनाही सतरंजीवर बसवून वर ऐकवलं, "खुर्चीवर खाल्लं का पोटाले समजतच नाही बाप्पा, जेवण चालू आहे म्हणून." लेकीच्या साखरपुड्यात, सी-स्कीम या श्रीमंत वस्तीतल्या चांगल्या हॉटेलात, त्यांनी गादीच्या खुर्चीवरच मांडी घातली आणि वेटर बिचारा "सर, सर" करत राहिला.

त्यांचं खरं राज्य मराठी मंडळाच्या गणपतीतल्या पंगतीवर. चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, एका धर्मशाळेत पानं मांडून झाली की भाऊ पहिल्या पानावर बसत, शेवटच्या पानापर्यंत नजर टाकत आणि खिशातली जुनी शिट्टी फुंकत. त्याआधी कोणी भात कालवला तर, "सिग्नल भेटला का तुले?" जिलबीचं ताट दिसलं की खालून त्यांची आरोळी यायची, "वाढा!" त्या आरोळीने वाढप्यांच्या पायांना वेग यायचा.

मग गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, दोन्ही बदला, दुखणं थांबेल. पण पुन्हा जमिनीवर मांडी घालायची नाही. "मंग बदलून करायचं काय?" भाऊंनी विचारलं आणि काठी टेकत घरी आले. मांडी तशीही घालता येत नव्हतीच, पण तेल चोळून आज ना उद्या पाय वळेल ही आशा सोडवेना. त्या वर्षी मंडळाने मोठ्या आदराने भिंतीशी त्यांच्यासाठी टेबलखुर्ची ठेवली. भाऊंनी ती पाहिली, "आज भूक नाही" म्हणाले आणि न जेवता परत गेले. ताईला, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे फार लागलं. "संडासापर्यंत जाताना डोळ्यांत पाणी येतं यांच्या," ती मला म्हणाली, "पण मांडीचा हट्ट सुटत नाही."

पडून पडून कंटाळले म्हणून लेकीने त्यांना फोनवर एक गेम घालून दिला. त्यात निळ्या पोशाखातला एक प्रवासी अंतराळात तरंगत चमकते खडे वेचतो. भाऊ ड्युटीवर जावं तसे रोज त्यावर हजर होत. पुढे कंपनीने जाहीर केलं की देशातल्या सर्वांत तरबेज खेळाडूंना जयपूरहून खास विमानाने वर नेऊन खरोखर तरंगवणार आणि त्याचं चित्रीकरण करणार. निवडलेल्यांत बाकी सगळी मिसरूड फुटलेली पोरं आणि एक भाऊ. तपासणीत हृदय ठणठणीत निघालं. गुडघ्यांचं विचारलं, तर कंपनीचा डॉक्टर हसला, "अंकलजी, वहाँ घुटनों का काम ही नहीं है."

हे ऐकल्यापासून भाऊंच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं. ताई मात्र हटून बसली. शेवटी तिने अट घातली, "जा. पण सुखरूप आलात की गुडघे बदलायचे. गणपतीची शपथ घ्या." भाऊंनी बराच वेळ छताकडे पाहिलं आणि शपथ घेतली.

त्या दिवशी ताईने त्यांच्या हातावर दही-साखर ठेवली. कंपनीने निळा पोशाख चढवला, त्याची चेन पोटावर येऊन अडली. हे विमान पुन्हा पुन्हा उंच चढतं, मग खाली झेपावतं, आणि तेवढा वेळ आतल्या माणसांचं वजन नाहीसं होतं, असं मी ताईला अगदी जाणकाराच्या थाटात समजावलं. आणि हातातल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उगाच उघडबंद करत राहिलो. ताईने पाण्याचा थेंब घेतला नाही. अखेर विमान उतरलं. पोरं पांढऱ्याफटक चेहऱ्यांनी, तोंडाशी पिशव्या धरून बाहेर आली, आणि सगळ्यांच्या मागून काठी टेकत भाऊ. "आले गं बाई!" म्हणत ताईने माझी बाटली घटाघटा संपवली. माझा जीव भांड्यात पडला.

आत काय झालं ते जाहिरातवाल्या मुलीने आम्हाला फोनवर दाखवलं. ती ओरडतेय, "अंकलजी, हाथ आगे, पैर पीछे! गेम का नाम बोलिए!" पहिल्या खेपेला भाऊ छतावर आपटले. दुसऱ्या खेपेला त्यांनी हातांनी एक पाय धरून वळवला, मग दुसरा, आणि भर हवेत, पोरं आजूबाजूला कोलांट्या खात असताना, मांडी घातली. पाठ ताठ, नजर समोर. उजवा हात पानावर धरावा तसा पुढे केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "वाढा!"

जाहिरातीत त्यातलं फक्त भाऊंचं कोपर आलं. पण त्या मुलीने, देव तिचं भलं करो, सगळं चित्रण भाऊंना पाठवून दिलं.

आम्ही गाडीने परत निघालो. विमानतळाजवळचं सांगानेर मागे पडल्यावर मी भाऊंना विचारलं, "दुखलं का हो?"

"नाही ना. जराकही नाही." मग काठी बाजूला सारत म्हणाले, "आता काढू द्या त्या डॉक्टरले गुडघे. झाली माही मांडी घालून."

ऑपरेशन नीट झालं. ताईच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. भाऊ आता काठीशिवाय भाजी आणायला जातात आणि पाच रुपयांच्या कोथिंबिरीसाठी पूर्वीसारखे भांडतात. यंदा गणपतीत ते आपल्या पायांनी चालत आले, भिंतीशी मांडलेल्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी शिट्टी फुंकली. मी जिलबी घेऊन निघालो, सवयीने पहिल्या पानापाशी वाकलो. तिथे दुसरंच कोणी बसलं होतं. तेवढ्यात आरोळी आली, "वाढा!" आवाज तोच होता. इतकी वर्षं तो खालून यायचा, आता वरून आला.