टॉवरताई आणि पलीकडचा गुडघा

टॉवरताईंची उंची चार फूट दहा इंच होती, आणि बंदराच्या नियंत्रण मनोऱ्यातली खुर्ची कुणा पहिलवानाच्या मापाने बनवलेली होती. म्हणून ताई दोन उशा घेऊन बसत आणि पायांखाली जुन्या नियमावल्यांचा गठ्ठा ठेवत. कुणी त्या गठ्ठ्याकडे रोखून पाहिलं, तर म्हणत, "तुडवत नाहीये, आधार घेतेय."

मनोऱ्याला चौऱ्याण्णव पायऱ्या. लिफ्टही होती, पण तिची तब्येत नाजूक; चार दिवस बरी, की आठवडाभर झोपून. वर पोचलं की मात्र तिन्ही बाजूंना काच आणि काचेत मावेल तेवढा समुद्र. खाली क्रेन माना वेळावत कंटेनर उचलतायत, टग नावाच्या छोट्या बोटी जहाजांना ढुशा देत धक्क्याला लावतायत, आणि या सगळ्या पसाऱ्याच्या वर, दोन उशांवर, ताई. सव्वीस वर्षं ती खिडकी त्यांची होती. शिवणकामाचं दुकान असलेला त्यांचा नवरा म्हणायचा, "माझ्यासमोर भिंत, हिच्यासमोर समुद्र. आणि संध्याकाळी दमून येते ती हीच."

दमायचं कारण म्हणजे काम बोलण्याचं होतं. त्या किनाऱ्यावर ओळीने चार बंदरं होती आणि चौघांची सरकारं चार. एका बंदरातून जहाज सुटलं की तिथल्या ऑपरेटरने पुढच्या बंदराला रेडिओवर निरोप द्यायचा: जहाज कुठलं, माल काय, माणसं किती, पोचणार कधी. लग्नघरी पाहुणा पाठवताना आधी फोन करतात ना, तसंच. फरक इतकाच, की हा पाहुणा तीनशे मीटर लांब असायचा.

ताईंना हे निरोप यायचे ते बहुतेक शेजारच्या बंदरातल्या एका माणसाकडून. एकोणीस वर्षं. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं, पण निरोप संपला की तो गृहस्थ एक वाक्य जास्तीचं बोलायचा, आणि ते वाक्य त्याच्या गुडघ्याविषयी असायचं. ओळख झाली त्या वर्षी त्याचा उजवा गुडघा दुखत होता. पाचव्या वर्षी डाव्यानेही सोबत म्हणून दुखायला सुरुवात केली. तेल झालं, पट्टा झाला, लोहचुंबक झालं, कुणाच्या तरी सांगण्यावरून महिनाभर उलटं चालणं झालं. ताईंच्या घरी त्याचं नावच गुडघेदादा पडलं. सासूबाईंना ऐकू कमी यायचं; दिवसभर जपून वापरलेला आवाज ताई घरी येऊन त्यांच्यावर खर्च करत. सासूबाईंचा रोजचा पहिला प्रश्न ठरलेला, "गुडघा काय म्हणतोय?" आणि ताई गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, "तसाच आहे." गल्लीलाही मग बरं वाटे.

दोन वर्षांपूर्वी चारांपैकी एका बंदरात कुणीतरी रेडिओवर खोटा निरोप देऊन एक बोट आत घुसवली आणि अख्खी वखार रिकामी करून नेली. चोरी दोन तासांत झाली. ‘तुम्ही आम्हाला सांगायला हवं होतं’ हे चारही बंदरं एकमेकांना आठ महिने सांगत होती. शेवटी चारही सरकारं, जहाज कंपन्या, क्रेनवाले, विमेवाले एका टेबलाभोवती बसले आणि करार झाला. संशयित जहाजांची यादी सगळ्यांची एक, रोजचा सांकेतिक शब्द एक, आग विझवायच्या बोटी गरज पडेल तिथे धावणार, आणि वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून कवायत.

ताईंना करार मनापासून पटला होता. पूर्वी शेजारून अग्निशामक बोट मागवायची तर अर्ज जाऊन उत्तर येईपर्यंत आग कंटाळून विझायची. आता एका फोनवर बोट सुटत होती. एकच पान त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. पान एक्केचाळीस. त्यावर लिहिलं होतं, ‘रेडिओवर अनावश्यक संभाषण टाळावे.’

पहिल्याच महिन्याचं ध्वनिमुद्रण कराराची देखरेख करणाऱ्या समितीने ऐकलं, आणि त्यात गुडघ्याच्या पट्ट्यावरची चौदा मिनिटांची चर्चा सापडली. ताईंच्या साहेबांनी त्यांना मेमो दिला. पुन्हा असं झालं तर बदली, तळघरातल्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत. त्या खोलीला खिडकी नव्हती.

साहेब माणूस सज्जन. मेमो देताना म्हणाले, "ताई, सही करताना माझा हात थरथरत होता."

"दिसतंय. दुसऱ्याचीच सही वाटते," ताई म्हणाल्या. पण घरी गेल्यावर त्या जेवल्या नीट नाहीत. आपण खिडकीवाचून कशा दिसू, ते त्यांना दिसेना.

पुढचे तीन आठवडे दोन्ही बाजू सरकारी फलकासारख्या बोलल्या. जहाज, माल, माणसं, वेळ, ओव्हर. मात्र गुडघेदादाने एक पळवाट काढली होती. ‘ओव्हर’ म्हणण्याआधी तो एक उसासा टाकायचा. उसाशाबद्दल करारात काही नव्हतं. लांब उसासा म्हणजे दोन्ही गुडघे, आखूड म्हणजे एकच. ताईंना तेवढं कळायचं. सासूबाईंना मात्र उसासा ओरडून कसा सांगायचा, हा प्रश्न होता.

कवायत गुरुवारी होती. गणवेशांना इस्त्र्या होत होत्या, क्रेन पुसल्या जात होत्या, लिफ्ट दुरुस्त करायला माणूस येऊन, ती बघून, परत गेला होता. आणि त्या आठवड्याच्या मंगळवारी, दुपारी तीन वाजता, रेडिओ बोलू लागला.

"तुमच्याकडे मालवाहू जहाज येतंय. सुकाणूत बिघाड आहे. बाहेर थांबवू नका, थेट धक्क्याला घ्या. कागद मागाहून येतील." पाठोपाठ त्या दिवसाचा सांकेतिक शब्द आला, तोही बरोबर. गुडघेदादाचा आवाज आज जरा घोगरा वाटला, पण सर्दी कुणालाही होते. "ओव्हर."

ताईंनी सगळं लिहून घेतलं. लेखणी खाली ठेवली. काहीतरी राहिलं होतं. दुधाचं पातेलं गॅसवर विसरल्यासारखं त्यांना वाटत होतं. मग ध्यानात आलं. उसासा नव्हता.

नियमाने बघायचं तर निरोपात खोट नव्हती. शब्द बरोबर, कारण बरोबर, जहाज रडारवर दिसत होतं. आणि विचारायचं म्हटलं, तर विचारणं म्हणजेच मेमोतलं ‘पुन्हा’. ताईंनी एकदा समुद्राकडे पाहिलं, मग बटण दाबलं.

"दादा, गुडघा कसा आहे?"

पलीकडून आवाज आला, "गुडघा एकदम ठणठणीत. धन्यवाद. ओव्हर."

ताईंनी लगेच जहाजाला कळवलं, बाहेरच नांगर टाका. सुकाणू खरंच बिघडलेलं असेल तर पंचाईत नको, म्हणून एक टग सोबतीला पाठवला. सुरक्षा दलाला सावध केलं. गुडघेदादाच्या टेबलावरचा फोन लावला. तो वाजून वाजून थांबला. मग त्यांनी साहेबांना कळवलं.

साहेब चौऱ्याण्णव पायऱ्या चढून आले तेव्हा त्यांना बोलायला अर्धं मिनिट लागलं. "सांकेतिक शब्द चुकला का?"

"नाही."

"जहाज यादीतलं आहे?"

"नाही."

"मग थांबवलं कशावरून?"

"दादांचा गुडघा बरा आहे म्हणाले."

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. "अहो, माणूस बरा होऊ शकतो की."

"हा नाही होऊ शकत."

तेवढ्यात जहाज कंपनीच्या माणसाचा फोन आला. तो चिडलेला होता. जहाज उभं राहिलं की त्याच्या छातीत धडधडतं. थांबवण्याचं कारण त्याला रकान्यात भरायचं होतं. साहेबांनी फोनवर हात ठेवून विचारलं, "कारण काय सांगू?"

"गुडघा बरा असल्यामुळे."

साहेब फोनवरचा हात काढून म्हणाले, "वैद्यकीय कारण."

फोन ठेवून ते स्टुलावर बसले. "तुमची खात्री आहे ना?"

"गुडघ्याची आहे, जहाजाची नाही," ताई म्हणाल्या. पण खरं सांगायचं तर गुडघ्याचीही आता पुरती नव्हती. तीन आठवडे त्या धड बोलल्या नव्हत्या. तेवढ्यात एखादा नवा डॉक्टर मिळाला असेल, शस्त्रक्रिया झाली असेल, दादा टेबलाभोवती उड्या मारत असेल, त्यांना कुठून कळणार? एकोणीस वर्षं ज्या माणसाला बरं वाटावं म्हणून त्या तेलांची नावं सुचवत होत्या, तो आज तरी बरा झालेला नसावा, अशी इच्छा त्यांच्या मनात आली आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. खाली टग जहाजाभोवती घिरट्या घालत होता. जहाज मुकाट उभं होतं, आणि सुकाणू बिघडलेल्या जहाजाच्या मानाने फारच ऐटीत.

साहेबांनी टेबलावरचा नोंदीचा कागद ओढला आणि ‘जहाज थांबवले’ या ओळीखाली ताईंच्या सहीशेजारी आपली सही केली. "तळघरात जागा दोघांना पुरेल ना?"

"फायली हलवाव्या लागतील," ताई म्हणाल्या.

चाळीस मिनिटांनी फोन वाजला. समितीच्या अध्यक्षबाई बोलत होत्या. कवायत गुरुवारची नव्हती, आजचीच होती. सांगून येतो तो चोर कसला, असं त्यांचं म्हणणं. जहाज भाड्याने आणलेलं, आवाज एका प्रशिक्षकाचा, सांकेतिक शब्द फुटला आहे असं धरून चाललेलं. बाकीच्या बंदरांनाही अशीच जहाजं पाठवली होती, आणि त्यांनी करारातला एकही शब्द इकडचा तिकडे न करता, अगदी आदबीने, ती आत घेतली होती.

"तुम्ही एकट्यांनीच थांबवलंत," अध्यक्षबाई म्हणाल्या. "कुठल्या पानावरचा नियम वापरलात?"

"एक्केचाळिसाव्या," ताई म्हणाल्या. "मोडला तो."

पलीकडून हसू ऐकू आलं, आणि ते लवकर थांबेना.

"आणि दादा कुठे आहेत?" ताईंनी विचारलं.

"त्यांना शेजारच्या खोलीत बसवलंय. फोन काढून घेतला, बिस्किटं दिली, दोन तास कुणाशी बोलायचं नाही म्हणून सांगितलं."

"अगं बाई," ताई म्हणाल्या, "सोडा त्यांना."

गुरुवारी इस्त्री केलेले गणवेश वाया जाऊ नयेत म्हणून सगळे आलेच. सभा ताईंच्याच बंदरात झाली. ऑपरेटरांनी रोज एकमेकांची एकदा तरी विचारपूस करावी आणि तिचा विषय आधी ठरवू नये, असं नवं कलम घालायचं ठरलं. किती वेळ, यावर मात्र वाद झाला. सरकारं पाच मिनिटं म्हणाली, कंपन्या दोन म्हणाल्या, विमेवाल्यांनी विचार करायला वेळ मागितला. साडेतीनवर मिटलं. सभेनंतर मनोऱ्यात येऊन साहेबांनी मेमो परत घेतला, तो घडी घालून खिशात टाकला आणि ताईंना म्हणाले, "नव्या पोरापोरींना विचारपूस तुम्हीच शिकवायची. त्या तिसऱ्या बंदरातली मुलगी सकाळपासून सगळ्यांना ‘हवा कशी आहे’ विचारतेय, तेही कागदावर बघून."

"शिकेल," ताई म्हणाल्या. "आधी तिला काहीतरी दुखू द्या."

तेवढ्यात जिन्यातून आवाज येऊ लागला. एक पाऊल, थांबणं, एक लांब उसासा. पुन्हा एक पाऊल. लिफ्ट अर्थातच झोपलेली होती. ताई दारात जाऊन उभ्या राहिल्या. उसासा ओळखीचा होता. दोन्ही गुडघे होते.

पाच-सात मिनिटांनी दारात एक माणूस मावेना असा उभा राहिला. एकोणीस वर्षं ताईंनी त्याला काठीसारखा बारीक कल्पिलं होतं, आणि हा तर वखारीच्या दारासारखा. तोही त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघत होता.

"ताई कुठे आहेत?" त्याने विचारलं.

"जरा खाली बघा, दादा."

त्याने खाली पाहिलं. "आवाजावरून मला वाटायचं, सहा फूट तरी असाल."

"सहा फुटांचा आवाज आहे. बाकीचं घरी ठेवून येते."

ताईंनी खुर्चीतल्या दोन्ही उशा काढल्या आणि त्याला बसवलं. सव्वीस वर्षं पहिलवानाची वाट बघणारी ती खुर्ची त्याला शिवून घेतल्यासारखी बसली. समोर समुद्र पसरला होता. रेडिओवर पलीकडे आज दादांच्या जागी दुसरा माणूस होता, घाई कसलीच नव्हती.

"आता सांगा," ताई म्हणाल्या, "गुडघा कसा आहे?"

त्याने तोंड उघडलं, आणि एकदम थबकून घड्याळाकडे पाहिलं. "साडेतीन मिनिटांत कसं मावणार?"

"ते रेडिओवरचं," ताई म्हणाल्या. जुन्या नियमावल्यांचा गठ्ठा त्यांनी ओढून घेतला, नीट रचला, आणि त्यावर ऐसपैस बसल्या. "उजव्यापासून सुरू करा. सासूबाईंना सगळं सांगायचंय."